दहा वर्षांची मुदत

यंदा महाविद्यालयाच्या वादविवाद स्पर्धेसाठी विषय होता, 'राज्यघटनेतील मार्गदर्शक तत्त्वांना न्यायालयाचे संरक्षण मिळाले पाहिजे.' कोणी कोणत्या बाजूने बोलायचे हे चिठ्ठ्या टाकून ठरले आणि माझ्या वाट्याला विरोधाची बाजू आली. मी सात मिनिटे बोलले. तत्त्वे ही शासनाला दिशा दाखविण्यासाठी असतात, तिजोरीत पैसा किती आहे हे न्यायाधीशांना ठाऊक नसते, आणि निवडून दिलेल्या माणसांना जाब विचारायचा तो मतपेटीतून, असे माझे म्हणणे होते. परीक्षकांनी दुसरा क्रमांक दिला. मी खूश होते.

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले तेव्हा ताई माहेरी आलेली होती. तिने आग्रहच धरला म्हणून तेच भाषण तिला म्हणून दाखविले. ती लसूण सोलत बसली होती. शेवटपर्यंत तिने ऐकून घेतले आणि मग मान वर न करताच विचारले, "मग माझं नववीचं कुठल्या कलमात व्हतं?"

मला उत्तर देता आले नाही. सुट्टी संपल्यावर ग्रंथालयात बसून मी ते शोधीत राहिले. शोधता शोधता एका कलमाचा सगळा इतिहासच हाती लागला. तो येथे मांडावा असे वाटले, कारण घटनेतील तत्त्वांनी शासनाला वळण कसे लावावे ह्या वादात आपण (मी धरून) फार हवेत बोलतो. एक कलम घेऊन त्याचे काय काय झाले हे पाहिले तर वाद जमिनीवर येतो.

ज्यांचा राज्यशास्त्र हा विषय नाही त्यांच्यासाठी थोडी ओळख करून देते. आपल्या घटनेच्या तिसऱ्या भागात मूलभूत हक्क आहेत आणि चौथ्या भागात, म्हणजे कलम ३६ ते ५१ मध्ये, राज्याच्या धोरणाची मार्गदर्शक तत्त्वे आहेत. हक्क डावलला गेला तर नागरिकाला कलम ३२ अन्वये थेट सर्वोच्च न्यायालयात जाता येते. तत्त्वांच्या बाबतीत मात्र कलम ३७ आडवे येते. ह्या कलमाचे दोन भाग आहेत. ही तत्त्वे कोणत्याही न्यायालयामार्फत अंमलात आणता येणार नाहीत, असे पहिला भाग सांगतो. तरीही देशाच्या शासनव्यवहारात ती मूलभूत आहेत आणि कायदे करताना ती लागू करणे हे राज्याचे कर्तव्य आहे, असे दुसरा भाग सांगतो. आमचे सर वर्गात म्हणतात की ह्या एका कलमावर सबंध पेपर काढता येईल. कर्तव्य तर आहे, पण ते केले नाही तर विचारणारा कोणी नाही, अशी ही विलक्षण रचना आहे.

ही रचना १९३७ च्या आयर्लंडच्या घटनेवरून घेतलेली आहे. घटना समितीत तिच्यावर टीकाही झाली. प्रा. के. टी. शहा ह्यांनी तिची तुलना बँकेला सवड होईल तेव्हा वटणाऱ्या धनादेशाशी केली होती. टीकेला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ च्या नोव्हेंबरमध्ये जे उत्तर दिले त्याचा आशय असा : सत्तेवर कोण येईल हे लोक ठरवितील, पण जो येईल त्याला मनाला येईल तसे वागता येणार नाही. ह्या सूचना त्याला मानाव्या लागतील. त्या मोडल्याबद्दल न्यायालयात उत्तर द्यावे लागणार नसेल, पण निवडणुकीच्या वेळी मतदारांपुढे खात्रीने द्यावे लागेल. माझ्या भाषणाचा कणा हाच होता. बाबासाहेबांचा आधार मिळाल्यावर आणखी काय हवे, असे मला वाटले होते.

आता पंचेचाळिसाव्या कलमाकडे वळू. मुळात त्यात असे म्हटले होते की, घटना अंमलात आल्यापासून दहा वर्षांच्या आत सर्व बालकांना चौदा वर्षे पूर्ण होईपर्यंत मोफत व सक्तीचे शिक्षण देण्यासाठी राज्य प्रयत्नशील राहील. चौथ्या भागात तत्त्वे पुष्कळ आहेत. ग्रामपंचायती, दारूबंदी, समान नागरी कायदा, स्त्री-पुरुषांना समान कामासाठी समान वेतन, सगळे त्यात आले. पण मूळ घटनेच्या चौथ्या भागात कालमर्यादा घातलेले कलम हे एकटेच होते. २६ जानेवारी १९५० पासून दहा वर्षे म्हणजे २६ जानेवारी १९६०. बाकीच्या तत्त्वांना तारीख नव्हती. ह्याला होती.

ही मागणी काही १९५० साली अचानक उगवली नव्हती. महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन सादर केले, त्यात विशिष्ट वयापर्यंत, निदान बारा वर्षांपर्यंत, प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे असे मागितले आहे. त्यांचा मुद्दा साधा हिशेबाचा होता. सरकारचा महसूल शेतात राबणाऱ्या रयतेकडून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाकडे जातो. पुढे सयाजीराव गायकवाडांनी बडोदा संस्थानात १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली तो सबंध राज्याला लागू केला. नामदार गोखल्यांनी १९११ साली मध्यवर्ती कायदेमंडळात विधेयक आणले. ते अगदी बेताचे होते. नगरपालिका व लोकल बोर्डांना वाटले तर त्यांनी आपल्या हद्दीत सहा ते दहा वर्षांच्या मुलांना सक्ती करावी, एवढेच. तरीसुद्धा पैशाची अडचण पुढे करण्यात आली आणि १९१२ साली ते अडतीस विरुद्ध तेरा मतांनी पडले. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले आणि मुलाला शाळेत न पाठविणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला. त्या काळचा एक रुपया म्हणजे गरिबाला डोळ्यांत पाणी आणणारी रक्कम होती! संस्थानिकाला जे परवडले ते साम्राज्याला परवडत नव्हते, ही मोठी गमतीची गोष्ट आहे.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर हा विषय पुन्हा निघाला. मूलभूत हक्कांचा मसुदा करणाऱ्या उपसमितीने मोफत प्राथमिक शिक्षण हे आरंभी हक्कांतच धरले होते. १९४७ च्या एप्रिलमध्ये सल्लागार समितीत चर्चा होऊन ते न्यायालयात दाद न मागता येणाऱ्या गटात हलविण्यात आले. तरीही मसुद्यातील वाक्याची सुरुवात हक्काच्याच भाषेत राहिली होती; प्रत्येक नागरिक मोफत प्राथमिक शिक्षणाला पात्र आहे, असे काहीसे. २३ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत पंडित लक्ष्मीकांत मैत्र ह्यांनी ते शब्द गाळण्याची सूचना मांडली. इतर तत्त्वांत 'राज्य प्रयत्नशील राहील' अशी भाषा आहे, मग येथेच हक्काची भाषा कशाला, असा त्यांचा सुसंगतीचा मुद्दा होता. बाबासाहेबांनी ती सूचना स्वीकारली. वाक्य सारखे करण्यासाठी काढलेले ते चार शब्द परत यायला चौपन्न वर्षे लागली.

परंतु त्याच दिवशी दुसरी एक सूचना बाबासाहेबांनी नाकारली आणि ती मला अधिक महत्त्वाची वाटते. नझीरुद्दीन अहमद ह्यांचे म्हणणे होते की 'शिक्षण' ऐवजी 'प्राथमिक शिक्षण' असे म्हणावे, म्हणजे राज्यावरचा भार कमी होईल. बाबासाहेबांनी उत्तर दिले की चौदा वर्षांखालील मुलाला कामावर ठेवता येणार नाही असे आपण मूलभूत हक्कांत लिहीत आहोत. मूल जर कामावर असणार नाही तर ते चौदा वर्षांपर्यंत कोणत्या ना कोणत्या शिक्षणसंस्थेत असले पाहिजे. म्हणजे चौदा हा आकडा असा आला. त्याचा संबंध इयत्तेशी नाही, मुलाच्या अंगावर पडणाऱ्या कामाशी आहे. पुढे चोविसाव्या कलमात मनाई झाली ती कारखाने, खाणी आणि धोक्याच्या कामांपुरतीच. कापूस वेचणे हे काही कारखान्याचे काम नव्हे. २०१६ साली कायदा दुरुस्त होऊन चौदा वर्षांखालील सर्वच कामाला बंदी आली. पण शाळेच्या वेळेबाहेर व सुट्टीत घरच्या कामात हातभार लावण्याची मुभा राहिली. आमच्याकडे 'घरचे काम' कोठे सुरू होते आणि कोठे संपते हे ज्याने शेतकऱ्याचे घर पाहिले आहे त्याला सांगायला नको.

१९६० साल आले आणि गेले. १९५१ च्या जनगणनेत देशात साक्षरांचे प्रमाण शेकडा सुमारे अठरा होते, ते १९६१ साली अठ्ठावीस झाले; स्त्रियांत ते सुमारे पंधरा होते. मुदत हुकली, पण तिच्याबद्दल कोणाला न्यायालयात उभे राहावे लागले नाही, कारण सदतिसावे कलम. आणि मतपेटीचे काय? १९६२ साली, १९६७ साली, १९७१ साली निवडणुका झाल्याच. त्यांत महागाई, युद्ध, पक्षफूट, गरिबी हटाव असे कितीतरी प्रश्न होते. पंचेचाळिसाव्या कलमाची मुदत हुकली म्हणून कोणाचे सरकार गेल्याचे माझ्या वाचनात आले नाही. शाळेत नसलेल्या मुलाला मत नसते, आणि त्याच्या आईबापांपैकी पुष्कळांना ही मुदत होती हेच ठाऊक नव्हते. माझी आई १९८८ साली चौथीतून निघाली. म्हणजे मुदत संपून अठ्ठावीस वर्षे झाल्यावर. तिने त्याबद्दल कोणत्याही उमेदवाराला कधी काही विचारलेले नाही. माझ्या सात मिनिटांच्या भाषणातले हे पहिले भगदाड.

ह्या काळात न्यायालये गप्प होती असे नाही, पण त्यांचे लक्ष दुसरीकडे होते. हक्क आणि तत्त्वे ह्यांत टक्कर झाली तर श्रेष्ठ कोण, हा तो प्रश्न. १९५१ साली मद्रासच्या चंपकम दोराईराजन खटल्यात, वैद्यकीय व अभियांत्रिकी महाविद्यालयांतील जातवार जागावाटपाच्या संदर्भात, तत्त्वे ही हक्कांच्या हाताखालची आहेत असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. त्यातून पहिली घटनादुरुस्ती झाली. १९७३ साली केशवानंद भारती खटल्यात तेरा न्यायाधीशांपैकी सात विरुद्ध सहा अशा मतांनी घटनेच्या मूलभूत चौकटीचा सिद्धांत आला. १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने काटा उलट्या बाजूला झुकविला आणि कोणत्याही तत्त्वासाठी केलेल्या कायद्याला समतेच्या किंवा स्वातंत्र्याच्या हक्काच्या आधारे आव्हान देता येणार नाही असे ठरविले. १९८० साली मिनर्व्हा मिल्स खटल्यात सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड ह्यांनी ते रद्द केले. तिसरा भाग आणि चौथा भाग ही एकाच रथाची दोन चाके आहेत आणि त्यांच्यातील समतोल हाच चौकटीचा भाग आहे, असा त्यांच्या निकालाचा सारांश. हे सगळे परीक्षेला येते, म्हणून आपण ते पाठ करतो. पण एक गोष्ट माझ्या ध्यानात उशिरा आली. ह्या खटल्यांत भांडण होते ते तत्त्व अंमलात आणायला निघालेल्या सरकारला किती मोकळीक द्यावी, ह्याचे. जे सरकार तत्त्वाकडे ढुंकूनही पाहत नाही त्याचे काय करायचे, हा प्रश्न तसाच पडून होता.

तो आला १९९२ साली, आणि तोही गावच्या शाळेतून आला नाही. मोहिनी जैन खटल्यात तक्रार होती कर्नाटकातील एका खाजगी वैद्यकीय महाविद्यालयाच्या भरमसाट फीबद्दल. सर्वोच्च न्यायालयाने त्यात सर्व पातळ्यांवरचे शिक्षण हा हक्क आहे असे सांगून टाकले. इतके मोठे विधान टिकणार नव्हते. पुढच्याच वर्षी, ४ फेब्रुवारी १९९३ रोजी, उन्नीकृष्णन खटल्यात पाच न्यायाधीशांनी ते आटोक्यात आणले. कलम २१ मधील जीविताच्या हक्कात शिक्षण येते. परंतु त्याची व्याप्ती कलम ४१ आणि ४५ वरून ठरवायची. चौदा वर्षांपर्यंत हक्क पक्का. त्यानंतर राज्याची आर्थिक क्षमता व विकास ह्यांच्या मर्यादेत. दहा वर्षांची मुदत दिली असताना चार तपांच्या आसपास वर्षे लोटली, ह्यावर न्यायालयाने बोट ठेवले. प्राथमिक शिक्षणाला बाजूला सारून उच्च शिक्षणाकडे पैसा आणि लक्ष वळले, असेही निकालात नोंदविले आहे. हे वाचताना मला जोतीरावांचे १८८२ चे निवेदन आठवले. एकशे अकरा वर्षांनी हिशेब तोच निघाला होता.

मग संसद हलली. २००२ साली शहाऐंशीवी घटनादुरुस्ती झाली आणि २१-क हे नवे कलम तिसऱ्या भागात आले : सहा ते चौदा वर्षे वयाच्या सर्व बालकांना मोफत व सक्तीचे शिक्षण. तत्त्वाने अखेर उंबरा ओलांडला. पण देताना थोडे काढूनही घेतले गेले. न्यायालयाने 'चौदा वर्षांपर्यंत' म्हटले होते, त्यात खालची मर्यादा नव्हती. दुरुस्तीने ती सहा केली आणि सहा वर्षांखालील मुलांसाठी पंचेचाळिसावे कलम नव्याने लिहिले. त्यात पुन्हा 'राज्य प्रयत्नशील राहील' आहे. ह्या वेळी मुदत घातलेली नाही. एकदा हात पोळल्यावर माणूस सावध होतो. शिवाय ५१-क मध्ये पालकांवर मूलभूत कर्तव्य टाकण्यात आले. आणि एवढे होऊनही हे सगळे अंमलात आले ते १ एप्रिल २०१० रोजी, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याबरोबर.

आता ताईविषयी. आमच्या गावची शाळा सातवीपर्यंतच होती. कायद्याने प्राथमिक शिक्षण म्हणजे पहिली ते आठवी असे ठरविल्यामुळे राज्यात ठिकठिकाणी सातवीच्या शाळांना आठवीचा वर्ग जोडण्यात आला, तसा तो आमच्याकडेही जोडला गेला. सहावी ते आठवीसाठी शाळा तीन किलोमीटरांच्या आत असावी असा नियम आहे. त्यामुळे ताई २०१५ साली आठवी झाली. तिच्या वयाच्या मुली त्याआधी सातवीतच थांबत. कायदा गावात आला म्हणजे काय झाले, तर एक खोली, एक फळा आणि एक शिक्षक जास्त आला. हे लहान नाही. मी ते पाहिलेले आहे.

नववीसाठी तालुक्याला अकरा किलोमीटर जावे लागे. येथे मला एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. मुलींना फी नव्हती. गाडीचा पाससुद्धा मोफत होता. राज्याने सवलती दिल्या नव्हत्या असे कोणी म्हणू शकणार नाही. पण शाळा सुटे साडेपाचला आणि परतीची गाडी त्याआधीच निघून गेलेली असे. पुढची यायची ती रात्री. वडिलांनी एक महिना वाट पाहिली आणि म्हणाले, "सरकारनंबी आठवीपातूरच सांगितलंय." ते खोटे बोलत नव्हते. आठवीपर्यंत शाळेने गावात यावे अशी सक्ती होती, म्हणून शाळा आली. नववीला सवलत होती, आणि सवलतीला गाडी थांबविता येत नाही. चार वर्षांनी माझ्यावर हीच वेळ आली तेव्हा तालुक्याला मावशी राहायला आली होती, म्हणून मी शिकले. मावशी कोणत्याही कलमात नाही.

तेव्हा ताईच्या प्रश्नाचे उत्तर आहे कलम ४१. काम, शिक्षण, आणि बेकारी, म्हातारपण, आजार अशा अवस्थांत सार्वजनिक साहाय्य मिळविण्याच्या हक्कासाठी राज्य 'आपली आर्थिक क्षमता व विकास ह्यांच्या मर्यादेत' तरतूद करील, असे ते कलम आहे. ते अजून चौथ्या भागातच आहे.

ह्याच कलमात शिक्षणाच्या शेजारी काम आहे, आणि त्या शेजाऱ्याचे काय झाले हे महाराष्ट्रातल्या माणसाने विसरू नये. १९७२ च्या दुष्काळाच्या सुमारास वि. स. पागे ह्यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना आपल्याकडे उभी राहिली. १९७७ साली विधिमंडळाने तिचा कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. मागेल त्याला काम, आणि काम देता आले नाही तर भत्ता. राज्य काही त्या वेळी श्रीमंत नव्हते; शहरांतल्या नोकरदारांवर व्यवसाय कर बसवून पैसा उभा केला गेला. कोणत्या न्यायालयाने आज्ञा केली नव्हती. कलम ४१ मधील आर्थिक क्षमतेची मर्यादा एका राज्याच्या विधिमंडळाने आपण होऊन पुढे सरकविली. संसदेने २००५ साली ग्रामीण भागासाठी कायदा केला तेव्हा ह्याच अनुभवाचा आधार होता. माझ्या विरोधाच्या बाजूला एवढा एक भक्कम दाखला होता आणि स्पर्धेच्या दिवशी तो मला माहीतच नव्हता!

उलट बाजूचा दाखलाही महाराष्ट्रातलाच आहे आणि तो ताजा आहे. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे खाजगी विनाअनुदानित शाळांनी प्रवेशाच्या वर्गातील पंचवीस टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतील मुलांना द्यायच्या आणि त्यांचा खर्च सरकारने भरून द्यायचा. ९ फेब्रुवारी २०२४ रोजी राज्य सरकारने नियम बदलला : जवळच एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेला ह्या जागांतून सूट. सरकारची बाजू अगदीच टाकाऊ होती असे मला वाटत नाही. खाजगी शाळांना पैसे मोजायचे आणि स्वतःच्या शाळा ओस पाडायच्या, हा कोणता व्यवहार, असा प्रश्न कोणीही विचारील. मी स्वतः जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकले आहे, त्या शाळा भरलेल्या असाव्यात असेच मला वाटते. पण मूळ कायद्यात जी सूट नाही ती नियमाने देता येते का, हा खरा प्रश्न होता. मुंबई उच्च न्यायालयाने मे महिन्यात ह्या बदलाला स्थगिती दिली, १९ जुलै २०२४ रोजी तो रद्द केला, आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालण्यास नकार दिला. संसदेने केलेला हक्क राज्याच्या एका अधिसूचनेने आखूड करता येत नाही, हे ठरले. शिक्षण चौथ्या भागातच राहिले असते तर ह्या मुलांचे पालक न्यायालयाच्या पायरीवर काय सांगणार होते? राज्याने अधिक प्रयत्नशील राहावे, एवढेच.

तेव्हा मी आता कोणत्या बाजूची? मित्रमैत्रिणी हा प्रश्न विचारतात, कारण बक्षीस विरोधाला मिळाले आहे. सगळी तत्त्वे उचलून न्यायालयाच्या हाती द्यावीत असे मला अजूनही वाटत नाही. दारूबंदी कशी करावी, समान नागरी कायदा कसा असावा, ह्यांवर लोकांत खरोखरीचे मतभेद आहेत आणि ते लोकांनीच बोलून सोडवावेत. आंबेडकरांनी तत्त्वांची भाषा मोकळी ठेवली तीही म्हणूनच. पुढच्या पिढ्यांना आपल्या विचाराने वाट काढता यावी म्हणून. पण शाळा किती अंतरावर, शिक्षक किती, कोणत्या वयापर्यंत, ह्या मोजता येणाऱ्या गोष्टी आहेत. त्यांत मतभेदाला फारशी जागा नाही, टाळाटाळीला मात्र भरपूर आहे. अशा तत्त्वाची मुदत संपली की ते आपोआप हक्क व्हावे, असे मी आज त्याच व्यासपीठावर बोलले असते. क्रमांक आला असता की नाही सांगता येत नाही.

ह्यावर सरांनी मला एक आक्षेप सुचविला आणि त्याचे पुरते उत्तर माझ्याजवळ नाही. हक्काला आकडा लागतो, आणि आकडा लिहिला की त्याच्या पलीकडचे सगळे बिनहक्काचे होते. वडिलांनी आठवीनंतर ताईला थांबविताना कायद्याचाच आधार घेतला, तो ह्यामुळे. तत्त्व कधी संपत नाही, हक्क चौदाव्या वर्षी संपतो. सरांचे म्हणणे खरे आहे. पण न संपणाऱ्या तत्त्वाने माझ्या आईला चौथीच्या पुढे नेले नाही आणि संपणाऱ्या हक्काने ताईला आठवीपर्यंत नेले, हेही खरे आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तीन ते अठरा वर्षांपर्यंतच्या शिक्षणाची भाषा आहे. ते धोरण आहे. घटनेत आणि शिक्षण हक्क कायद्यात अजून सहा आणि चौदा हेच आकडे आहेत.

मी ताईला फोन करून एक्केचाळिसाव्या कलमाचे सांगितले. ती म्हणाली, "बरं, म्हंजे व्हतं कुठंतरी." मग तिने लेकीचे सांगायला सुरुवात केली. ती साडेतीन वर्षांची आहे आणि अंगणवाडीत जाते; म्हणजे सध्या ती नव्या पंचेचाळिसाव्या कलमात आहे, २०२८ मध्ये २१-क मध्ये जाईल आणि २०३६ मध्ये तिला चौदा वर्षे पूर्ण होतील. ताईच्या सासरच्या गावात शाळा आठवीपर्यंत आहे. नववीचा वर्ग नऊ किलोमीटरांवर.